सुट्टीचा भोंगा

रुपालीला कशाची भीती वाटते असं विचारू नये, कशाची वाटत नाही ते विचारावं. उत्तर लवकर मिळतं. हे वाक्य तिच्या नवऱ्याचं, दत्तप्रसादचं. चारचौघांत तो ते हमखास टाकायचा, लोक हसायचे आणि रुपालीही हसायची, कारण त्यात खोटं काही नव्हतं. वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत चांगली चालू लिफ्ट होती, तरी ती जिन्यानेच जायची. गॅस बंद केलाय का हे बघायला निम्म्या वाटेवरून परत यायची. मुलीची शाळेची बस यायच्या कितीतरी आधी हायवेच्या पुलाखाली जाऊन उभी राहायची. मुलगी सोनू आता दहा वर्षांची झाली होती आणि मैत्रिणींसमोर तिला आईची लाज वाटायला लागली होती.

भित्र्या माणसाला लोक हसतात, आणि वर असंही धरून चालतात की संकट आलंच तर सगळ्यात आधी ते ह्यालाच दिसेल. हसतात ते ठीक आहे. दुसरं मात्र कोणी धरून चालू नये.

त्या वर्षी हिंजवडीत मंदी होती. माणसं सकाळी कार्ड लावून आत जात आणि दुपारी खोक्यात आपला कप, फोटो आणि रोपटं घेऊन बाहेर येत. दत्तप्रसादच्या शेजारची दोन टेबलं रिकामी झाली, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं की आपलं टेबल रिकामं व्हायच्या आत दुसरं काहीतरी हाताशी असलं पाहिजे. त्याला सायकलचा नाद होता. दर रविवारी तो पहाटे उठून शहराच्या पश्चिमेला नदीच्या खोऱ्यात जायचा आणि परत आला की भातखाचरं, धुकं, डोंगरावरून उतरणारे ओहोळ यांचं असं वर्णन करायचा की घरबसल्या सर्दी व्हावी. एसीत बसून कंबर धरलेल्या माणसांना हे दाखवलं तर ती पैसे देऊन घाम गाळतील, ही त्याची कल्पना. सायकली आपण द्यायच्या, जेवण गावातल्या माणसांनी द्यायचं, आणि नदीच्या एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परत यायचं. नाव, वेबसाइट, सगळं ठरलं होतं. रस्ता तेवढा एकदा नीट तपासून बघायचा होता.

"तू चल," तो रुपालीला म्हणाला. "लोक बायकामुलांना घेऊन येणार. तू जिथे घाबरशील तिथला रस्ता मी बदलतो. तू नाही घाबरलीस, तर समजायचं की कोणीच घाबरणार नाही."

"म्हणजे मी उंदीर का प्रयोगातला?"

"उंदीर घाबरत नाही इतका," दत्तप्रसाद म्हणाला.

ती तयार झाली, कारण नोकरी जाण्याची भीती खोऱ्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी सोसायटीत कोणाला सांगून खरी वाटली नसती. रुपाली सायकल झकास चालवायची. ती चंद्रपूरकडच्या एका कागद गिरणीच्या वस्तीत वाढली होती. तिथे पाळी सुटली की गिरणीच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि त्या लोंढ्यात तिचे बाबा असायचे. त्यांच्याच सायकलवर, दांडीखालून पाय घालून, ती शिकली होती. सीटवर पाय पोचत नव्हते तेव्हापासून.

सायकली आणल्या कसबा पेठेतून, एका जुन्या दुकानातून. सोनूसाठी गिअरची लाल, रुपालीसाठी मागे भक्कम कॅरिअर असलेली साधी. रुपालीने दोन्हींचे ब्रेक स्वतः दाबून बघितले, मग दुकानदाराला दाबायला लावले, आणि तरी विचारलं, "उतारावर नक्की लागतात ना हो?"

दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "नाही लागले तर परत आणून द्या," तो म्हणाला.

हा विनोद दत्तप्रसादने पुढे आठवडाभर सांगितला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी भाड्याच्या जीपवर सायकली बांधून तिघं गडदवाडीला पोचली. गडदवाडी म्हणजे नदीच्या काठावर डोंगराला टेकून बसलेली दहाबारा घरं. त्यांतलं पहिलं घर बायडाबाईंचं. जेवणाचं काम त्या बघणार होत्या. साठीच्या आसपासच्या, काटक, कासोटा घातलेल्या आणि बोलायला मोकळ्या. दत्तप्रसाद उन्हाळ्यात दोनदा येऊन त्यांच्याशी सगळं ठरवून गेला होता. त्यांनी पोहे दिले, चहा दिला, आणि रुपालीने आपली चौकशी सुरू केली.

"कुत्री आहेत का हो वाटेत?"

"हायती की. पर दगूड उचलला तरी पळत्यात."

"साप?"

"साप हाय, त्याच्या वाटंनं जातोय. तुमी तुमच्या वाटंनं जावा."

"ट्रक वगैरे येतात?"

"वाळूचं येत हुतं. आता बंद झाल्यात."

"आणि उतार?"

"उतार हाय तसा चढ बी हाय, ताई," बायडाबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे तोंड करून हसल्या. दत्तप्रसादही हसला. रुपालीने मधमाश्या, गुरं, पडके कठडे, वीज पडणं आणि पिण्याचं पाणी एवढं सगळं विचारून घेतलं. जे विचारलं त्याचं बायडाबाईंनी सरळ उत्तर दिलं. जे विचारलं नाही ते त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही, कारण ते कोणाला सांगावं लागतं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. मग त्या विळा घेऊन वरच्या खाचराकडे गेल्या आणि ही तिघं निघाली.

खोरं सुंदर होतं, हे कबूल केलंच पाहिजे. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. भात पोटरीला आलेला, बांधावर सोनकीची पिवळी फुलं, आणि डाव्या हाताला नदी. ती इतकी शहाण्यासारखी खडकांतून चालली होती की सोनू म्हणाली, "ही नदी आहे की ओढा?" मैलभर वर धरण होतं. झाडांच्या वर त्याची करडी भिंत मधूनच दिसायची.

रुपालीला ह्या सगळ्याचं सुख होत नव्हतं. ती सोनूच्या मागे होती आणि तिचे डोळे सोनूच्या मागच्या चाकाला चिकटलेले होते. वळण आलं की ती दोन्ही ब्रेक दाबायची. उतार आला की ती "हळू" म्हणायची, आणि सोनू मुद्दाम पायडल सोडून द्यायची. एका ठिकाणी रस्त्याची कड ढासळली होती. रुपाली तिथे उतरली, सायकल हातात धरून डोंगराच्या बाजूने चालत गेली, आणि पुढे जाऊन बघते तर दत्तप्रसाद मोबाइलमध्ये टिपून घेत होता: इथे फलक लावणे. तिला बरंही वाटलं आणि रागही आला. आपली भीती कोणाच्या तरी कामाला येते आहे हे नवीनच होतं.

असं करत ती फरशीपाशी आली.

फरशी म्हणजे नदी ओलांडायचा बुटका पूल. सिमेंटची एक सपाट पट्टी, खाली पाणी जायला नळे, आणि कठड्याच्या जागी दोन्ही कडांना गुडघ्याएवढे दगडी खुंटे. मधोमध ती जराशी खोल गेलेली होती. अशा फरशीला पाण्याखाली जायची सवय असते. म्हणूनच तिला कठडा नसतो, कठडा ठेवला तर नदी तो घेऊन जाते. हे त्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वारज्याच्या माणसांना नव्हतं. त्या वेळी नळ्यांतून घोटाभर पाणी चाललं होतं, आणि खालच्या बाजूला काळे, गुळगुळीत, गोल खळगे पडलेले खडक उन्हात तापत पडले होते.

"इथे फोटो पाहिजे," दत्तप्रसाद म्हणाला. "वेबसाइटच्या पहिल्या पानावर. मी पलीकडे जाऊन उभा राहतो, तुम्ही दोघी सायकलवर या."

"कठडा नाहीये," रुपाली म्हणाली.

"खुंटे आहेत."

"अहो, खुंट्यांमधून माणूस सहज जाईल."

"पाणी बघ तरी केवढं आहे. पडलं माणूस तर ओलंसुद्धा होणार नाही."

सोनू एक पाय टेकवून वाट बघत होती. तिच्या तोंडावर ते सगळं होतं, जे मुलं बोलत नाहीत: आता आई नाही म्हणणार, आणि आपण तिघं उतरून म्हाताऱ्यांसारखी चालत जाणार. रुपाली नाहीच म्हणणार होती. शब्द ओठांवर आला होता.

तेवढ्यात वरच्या अंगाला भोंगा झाला.

लांब, एका सुरात चढत जाणारा, वर जाऊन थांबणारा आणि मग सावकाश खाली उतरणारा भोंगा. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी तो परत आला. रुपालीची हँडलवरची पकड सैल झाली. गेल्या दिवाळीला माहेरी ऐकला होता, त्यानंतर तिने तो आवाज ऐकला नव्हता. ती गिरणीच्या वस्तीतली चिमुरडी झाली, आणि भोंगा झाला म्हणजे पाळी सुटली, पाळी सुटली म्हणजे बाबा आले. आई चहाचं आधण ठेवायची. ही अनवाणी रस्त्यावर पळायची. सायकलींच्या लोंढ्यातून एक घंटी ओळखू यायची आणि बाबा एक पाय टेकवून तिला पुढच्या दांडीवर घ्यायचे. गिरणीत माणसं भाजायची, बोटं जायची, हे तिला मोठेपणी कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं की बाबा आत असले की आईचं लक्ष नसतं आणि भोंगा झाला की आई हसते. सगळं जग भिण्यासारखं होतं आणि त्यात हा एक आवाज सांगायचा की आता भ्यायचं कारण नाही, आजचा दिवस सुखरूप गेला.

"कारखाना आहे वाटतं इथे कुठे," ती म्हणाली.

"असेल एखादा," दत्तप्रसाद म्हणाला. "रविवारीसुद्धा पाळी लावतात बघ. ह्यांना नाही मंदी."

रुपाली चक्क हसली. "जा तुम्ही पलीकडे," ती म्हणाली. "आम्ही येतो."

दत्तप्रसादने तिच्याकडे निरखून बघितलं. ज्या यंत्राचा काटा नेहमी लाल खुणेवर असायचा, तो शून्यावर आला होता. त्याला मनापासून आनंद झाला. बायको भ्याली नाही म्हणजे रस्ता पास. तो सायकल मारत फरशीवरून पार पलीकडच्या काठाला गेला आणि कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिला.

मायलेकी निघाल्या. मध्यावर आल्यावर त्याने हात केला आणि ओरडून सांगितलं की सोनूने खडकावर उतरावं, मागे पाणी आणि पुढे लाल सायकल, असा मस्त फोटो येईल. सोनूने आईकडे बघितलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी रुपालीने तिचं मनगट धरलं असतं.

"जा," रुपाली म्हणाली. "चपला काढून जा, घसरशील."

सोनूने लाल सायकल खुंट्याला टेकवली, फरशीवरून खाली उतरली, आणि एका खडकावरून दुसऱ्यावर उड्या मारत चांगली लांब गेली. रुपाली आपली सायकल आडवी ठेवून खुंट्यावर बसली. ऊन पाठीला बरं वाटत होतं. भोंगा पुन्हा झाला. ती बाबांचा विचार करत होती. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, अजूनही सायकलवरच जायचे, दिवाळीला गेलं की सोनूला त्यांच्या दांडीवर बसवायचं. ह्या विचारात ती इतकी सुखी होती की पुढे अनेक महिने तिला त्या सुखाचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

वरच्या अंगाला, नदीच्या डोहात चारपाच म्हशी बसल्या होत्या. रुपाली त्यांच्याकडे बघत होती, म्हणजे नजर तिकडे होती एवढंच. त्या म्हशी उठल्या. कोणी हाकललं नाही, जवळ गुराखीही नव्हता. एक उठली, तिच्यामागे बाकीच्या उठल्या, आणि ओळीने, चांगल्या भराभर, काठ चढून वर गेल्या. काठावर थांबल्यासुद्धा नाहीत, पार वरच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

ह्यांचीही पाळी सुटली, असं गमतीने तिच्या मनात आलं.

आणि मग त्या गमतीच्या मागून दुसरा विचार आला, तो थंड होता. भर उन्हात म्हैस डोहातून आपण होऊन उठत नाही. तिला मारून उठवावी लागते. ह्या कशाने उठल्या?

तिने मान वळवली. बायडाबाईंच्या घराच्या वरच्या खाचरात कोणीतरी हिरव्या लुगड्यातलं उभं होतं आणि पदर हातात घेऊन जिवाच्या आकांताने हलवत होतं. आवाज पोचत नव्हता. पलीकडून दत्तप्रसादनेही ते बघितलं आणि त्याने हसून हात हलवला. त्याला वाटलं, जेवायला बोलवतायत.

रुपालीच्या पायाखालचे नळे गुरगुरले.

"सोनू," ती म्हणाली. तो आवाज तिला स्वतःला ओळखू आला नाही. "सोनू, वर ये. पळ. काहून उभी आहेस, पळ म्हणतो ना." इतक्या वर्षांत पुण्याने घासून काढलेली तिची बोली एका क्षणात परत आली.

सोनूने तोंड वाकडं केलं. आई परत आईसारखी झाली, एवढंच तिला कळलं. ती रमतगमत एक खडक चढली, दुसऱ्यावर आली. सिनेमात पाण्याची भिंत येते, तसं काही आलं नाही. पाणी नुसतं वाढत होतं. खडकांमधल्या रेघा रुंद झाल्या, खळगे भरले, स्वच्छ पाण्यात मातकट रंग मिसळला, काटक्या आणि फेस आला. नळ्यांची तोंडं भरून पाणी खालच्या बाजूला धाडधाड पडायला लागलं. सोनू शेवटच्या खडकावर पोचली तेव्हा तो खडक आणि फरशी यांच्यामध्ये मघाशी एक उडीभर कोरडी जागा होती, तिथे आता पिवळं पाणी धावत होतं. ती थांबली. तिने आईकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते रुपालीला चांगलं ओळखीचं होतं. तिने ते रोज आरशात बघितलं होतं.

"आई, मला भीती वाटते."

"वाटू दे," रुपाली म्हणाली. "तिथंच उभी राहा. हलू नको."

पाणी आता फरशीवर चढलं. पहिला पातळ थर आला आणि खुंट्याला टेकवलेली लाल सायकल नुसती घसरली, आडवी झाली, कडेवरून गेली. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. रुपाली फरशीवर पालथी झाली. तिने डाव्या हाताने खुंट्याला मिठी मारली, उजव्या हाताने आपल्या सायकलचं कॅरिअर पकडलं आणि पुढचं चाक खाली सोडलं. पाणी चाकात शिरलं आणि सायकल मासळीसारखी हिसका द्यायला लागली. हँडल सोनूच्या दिशेने गेला, बाजूला झाला, परत गेला.

"हँडल धर. दोन्ही हातांनी. धरला की मला सांग."

"धरला."

"सोडायचं नाही. हात तुटला तरी सोडायचं नाही."

तिने ओढलं. पुढे लोक तिला विचारायचे की एवढी ताकद आली कुठून. तिला ताकद आठवत नाही. कॅरिअरची पट्टी तळव्यात रुतल्याचं आठवतं, आणि सोनूचं डोकं एकदा पाण्याखाली गेलं ते आठवतं. तेवढ्या वेळात तिने देवाला काही मागितलं नाही. ती मनात एकच घोकत होती, मीच जा म्हणाले, मीच जा म्हणाले. मग सोनूचा फ्रॉक हाताला लागला. तिने सायकल सोडून दिली आणि पोरगी वर घेतली.

पलीकडून दत्तप्रसाद फरशीवरून धावत येत होता. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं आणि मध्यावर ते जास्त खोल आणि जास्त जोरात होतं, हे त्याला दिसत नव्हतं, कारण त्याला दोघींशिवाय काहीच दिसत नव्हतं.

"मागं फिरा," रुपाली ओरडली. "पाया पडते, मागं फिरा."

तो थांबला. बायकोच्या भीतीला त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि मागे फिरला. रुपालीने सोनूला काखेत धरलं, आणि एका खुंट्यावरून दुसऱ्यावर हात टाकत अलीकडचा काठ गाठला. म्हशी उभ्या होत्या त्या बांधापर्यंत ती चढत गेली आणि तिथे बसली. फरशी दिसेनाशी झाली. मग खुंटेही गेले. मघाची ती शहाणी नदी आता दुथडी भरून चालली होती आणि वर आभाळ तसंच निळं होतं.

बायडाबाई धापा टाकत आल्या. त्यांनी आधी सोनूला चाचपून बघितलं, हात, पाय, डोकं, आणि मग आपल्या पदराने तिचे केस पुसायला लागल्या.

"रातच्याला घाटावर लई पडला असंल," त्या म्हणाल्या. "धरान भरल्यालं. दारं उघडायच्या आदी भोंगा करत्यात. भोंगा झाला की म्हसरं बी नदीत ऱ्हात न्हाईत, ताई. तुमी आयकला न्हाई का?"

"ऐकला," रुपाली म्हणाली.

"मग?"

बायडाबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुमी कवाच पल्याड गेला असाल. आन भोंगा म्हंजी काय, ह्ये कुनाला सांगायचं असतंय? तुमी समदं इचारलं. येवढं इचारलं असतं तर सांगितलं असतं की वो."

पलीकडच्या काठावर दत्तप्रसाद उभा होता. तो काहीतरी ओरडत होता आणि पाण्याच्या आवाजात त्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. वरच्या गावाजवळच्या उंच पुलावरून वळसा घालून तो आला तेव्हा दुपार कलली होती. तो आला आणि सोनूला जवळ घेऊन रडला. परत जाताना जीपच्या टपावर त्याची एकट्याची सायकल बांधलेली होती.

खोऱ्यातल्या सफरी पुढे सुरू झाल्या. नदी ओलांडायची नाही असा नियम झाला, आणि फरशीपाशी मोठ्या अक्षरांत फलक लागला की भोंगा ऐकू आला तर नदीपासून दूर व्हा. दत्तप्रसाद येणाऱ्यांना तो फलक वाचून दाखवायचा, दोनदा. रुपाली कशाला भिते हे वाक्य त्याने पुन्हा कधी टाकलं नाही. तिला मात्र ते वाक्य हवं होतं असं वाटायचं. लोक म्हणायचे, तू होतीस म्हणून पोर वाचली, आईचं काळीज म्हणतात ते हे. ती मान हलवायची. त्या दिवशी नाही म्हणायचं काम तिचं एकटीचं होतं आणि ती हो म्हणाली होती, हे तिने कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्याला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ते कधी निघालं नाही.

दिवाळीला तिघं चंद्रपूरकडे गेली. वस्ती होती तशीच होती, भिंतींवर तोच चुना, हवेत तोच लगद्याचा आंबूस वास. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. आई आत फराळाचं आवरत होती, सोनू अंगणात आकाशकंदिलाची दोरी ओढत होती आणि तिने सकाळपासून शंभरदा विचारलं होतं, आजोबा कधी येणार, मला दांडीवर कधी बसवणार. "भोंगा झाला की," आजी म्हणाली होती. रुपाली ओसरीच्या पायरीवर सुपात करंज्या मांडत होती. तिला वाटत होतं, आपण तयार आहोत. ही गिरणी आहे, इथे नदी नाही, आणि हा तर बाबांचा भोंगा.

भोंगा झाला.

सूप कधी पडलं, तिला कळलं नाही. ती अंगणात होती, सोनूला तिने उचललं होतं, आणि मग ती घरामागच्या लोखंडी जिन्याने गच्चीवर होती, टाकीला पाठ लावून, पोरीला छातीशी आवळून. सोनू मोठी झाली होती, जड होती. तिनेही आईच्या गळ्याला घट्ट धरलं होतं. खाली रस्त्यावर सायकलींचा लोंढा आला, घंट्या वाजल्या, माणसं एकमेकांना हाका मारत घरोघर गेली. त्यातून एक घंटी वेगळी झाली आणि फाटकाशी येऊन थांबली.

"अगं रुपा," खालून बाबांचा आवाज आला. "कुठं आहात गं सगळ्या?"

एक पाय टेकवून ते उभे होते, पुढची दांडी रिकामी ठेवून. नेहमी धावत येणारं कोणी आलं नाही म्हणून अंगणात सांडलेल्या करंज्यांकडे बघत होते.

"आई," सोनू हळूच म्हणाली. "आजोबा आहेत."

"हो," रुपाली म्हणाली. "थांब जरा. अजून थोडं थांब."